कमी दाबाचा नेम

बंदूक हातात दिसली की आमच्या गडचिरोली भागातला माणूस आधी एकच गोष्ट विचारतो, "कितीक दूर जाते जी हे?" चामोर्शीच्या बाजारात विचारतात, घोटच्या टपरीवर विचारतात, भेंडाळ्याकडे धानाच्या बांधीत उभा असलेला म्हाताराही कमरेवर हात ठेवून तेच विचारतो. बंदुकीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या मनात जे बसलं आहे ते सगळं या प्रश्नात आहे. चांगली बंदूक म्हणजे लांब मारणारी, जोरात मारणारी. मी वनखात्याच्या बचाव दलात डार्टची बंदूक चालवतो, म्हणजे वाघ-बिबट्याला बेशुद्ध करणारी सुई ज्या बंदुकीतून सुटते ती. या कामात मी नेमकं उलटं शिकत आलो. आमच्याकडे बंदूक सुधारायची म्हणजे ती आणखी हळू कशी लागेल हे शोधायचं.

आधी त्या दुसऱ्या बंदुकीबद्दल बोलतो, कारण माझं शिक्षण तिथूनच सुरू झालं आणि तिच्याबद्दल मला आदर आहे.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या दिवसांत ठाण्याच्या आवारात जी मंडळी जमतात त्यांच्याएवढ्या बारकाईने बंदुकीवर बोलणारी माणसं मला दुसरीकडे भेटली नाहीत. बहुतेक शेतकरी. पीकसंरक्षणासाठी आजोबाला मिळालेला परवाना बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे आलेला. कोणाकडे बारा बोअरची दुनळी, कोणाकडे तोंडातून दारू ठासायची जुनी भरमार, आणि थोड्यांकडे .३१५ रायफल. ही .३१५ पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. घडण जुन्या ली-एनफील्डची, पाच काडतुसांची मॅगझिन, बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा. इंग्रजांनी लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य लोकांच्या हाती पडू नये म्हणून ते परवान्यावर द्यायचं बंद केलं, तेव्हा नागरिकांसाठी हे वेगळं काडतूस चालू झालं, ते आजही चालूच आहे.

या रायफलींचे मालक ठाण्याच्या पायरीवर बसून एकमेकांच्या बंदुका नुसत्या डोळ्यांनी तोलतात. कुणाची नळी आतून आरशासारखी आहे, कुणाच्या बोल्टला खेळ आला आहे, कुणी नागपूरहून कुंदा नवा करून आणला, कुणी दुर्बीण बसवली आणि आता पुढच्या माशीकडे बघतच नाही. एका काकांनी मला घोड्याचा ताण बोटाने मोजून दाखवला होता. त्यांचं म्हणणं असं की घोडा जड असेल तर नळी सोन्याची असली तरी गोळी डावीकडे जाणार, कारण बोट ओढताना मनगट वळतं. दुर्बिणीवर खर्च करण्याआधी माणसाने घोडा हलका आणि साफ करून घ्यावा. हे बरोबर आहे, आणि जगभरातले नेमबाज हेच सांगतात. कॉलेजात एनसीसीमध्ये मी .२२ची बोल्टची रायफल चालवली, पंचवीस यार्डांवर. पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात एवढंच तिथे साधायचं असायचं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, बोट हलतंय हे आपल्यालाही कळू नये इतकं सावकाश ओढायचं. आज मी जे काही नीट करतो त्याचा पाया तिथला आहे.

पण त्या रायफलीचं काम गोळी सुटली की संपतं. माझं काम डार्ट लागल्यावर सुरू होतं. ज्याच्यावर नेम धरला ते जनावर संध्याकाळी पिंजऱ्यात उठून उभा राहायला हवा, लंगडता कामा नये, ही माझ्या बंदुकीची अट आहे.

आमच्याकडे ही वेळ गेल्या काही वर्षांतच जास्त यायला लागली. माझ्या लहानपणी चामोर्शी तालुक्यात बिबट होते, अस्वलं होती, पण पट्टेदार वाघ क्वचितच दिसायचा. मग पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात, विशेषतः ब्रह्मपुरीच्या जंगलात, वाघ वाढले आणि तरुण वाघ जागा शोधत वैनगंगा ओलांडून इकडे यायला लागले. नदीचं आम्हाला वाटतं तेवढं वाघाला काही वाटत नाही. उन्हाळ्यात मार्कंड्याच्या वरच्या अंगाला पात्रात वाळूच जास्त असते. इकडे जंगल चांगलं आहे, पण त्या जंगलात माणूस रोज जातो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला, पावसाळ्यात गुरं घेऊन, वर्षभर सरपणाला. मोह वेचणारी बाई झाडाखाली तासन्‌तास वाकून असते. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं आमचे वरिष्ठ सांगतात, आणि मी पाहिलेल्या जागांवरून मला ते खरं वाटतं.

वडसा भागातल्या सीटी-१ वाघाचं नाव आमच्या जिल्ह्यात अजून निघतं. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसं त्याच्या हल्ल्यात गेली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी ताडोबाच्या पथकाने, डॉ. रविकांत खोब्रागडे आणि नेमबाज अजय मराठे यांच्या चमूने, त्याला डार्ट मारून जिवंत पकडलं आणि तो नागपूरला गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात गेला. त्याच्या चार वर्षं आधी, २ नोव्हेंबर २०१८ ला, यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण गोळीने मेली आणि तिच्या अंगावर मिळालेल्या डार्टवरून मोठा वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. या दोन घटनांनी आमच्या कामाची दोन टोकं आम्हाला दाखवली. टी-१ नंतर मी वही ठेवायला लागलो. प्रत्येक डार्टसाठी तारीख, वेळ, हवेचं तापमान, अंतर, दाब, कुठे लागला, किती मिनिटांनी जनावर बसलं. कुणी सांगितलं नव्हतं. पण उद्या कुणी विचारलं तर तोंडी उत्तर पुरणार नाही एवढं समजलं होतं.

आता बंदुकीकडे येतो.

औषधाची सुई दुरून मारायची कल्पना फार जुनी नाही. न्यूझीलंडच्या तिमारू गावातल्या कॉलिन मर्डॉक नावाच्या फार्मासिस्टने १९५०च्या दशकात अशी बंदूक घडवली. रानातल्या बकऱ्या, हरणं यांना न पकडता औषध कसं द्यायचं हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. एकदाच वापरून फेकायची प्लॅस्टिकची सिरिंज ज्याने शोधली तोच हा माणूस. त्याच सुमारास अमेरिकेतही हरणांसाठी असे प्रयत्न चालू होते. म्हणजे सुरुवातीपासून हे हत्यार डॉक्टरच्या पेटीतलं आहे, शिकाऱ्याच्या खांद्यावरचं नाही. हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, कारण हातात घेतल्यावर ती रायफलच वाटते. कुंदा तसाच, नळी तशीच, वर दुर्बीण.

मी शिकलो ती बंदूक काडतुसावर चालणारी होती. गोळी नसलेलं छोटं .२२चं काडतूस, त्यातल्या दारूच्या जोराप्रमाणे त्याला वेगवेगळे रंग. अंतर पाहून रंग निवडायचा. तिचा पल्ला मोठा आणि तिच्यावर हवामानाचा परिणाम कमी. पण आवाज होतो, आणि दोन रंगांच्या मधलं काही नसतं. वाघ पंचवीस मीटरवर असेल आणि हा रंग कमी, तो रंग जास्त अशी वेळ आली की माणूस भीतीपोटी जास्तीचाच घालतो. डार्ट खाली पडण्यापेक्षा जोरात लागलेला बरा असं मन म्हणतं.

मग वायूवर चालणारी आली. डॅनिश बनावटीची जेएम स्पेशल ही त्यातली आमच्या लोकांना सगळ्यांत ठाऊक असलेली. कार्बन डायऑक्साइडची छोटी बाटली, बाजूला दाब दाखवणारा काटा, आणि दाब हवा तेवढा भरायची व हवा तेवढा सोडायची झडप. अकरा आणि तेरा मिलिमीटरच्या नळ्या बदलता येतात, म्हणजे लहान जनावराला लहान डार्ट, मोठ्याला मोठा. आवाज टाळी वाजवल्याएवढा. पहिल्यांदा झडप हाताने फिरवून दाब अर्ध्या खुणेने कमी केला तेव्हा मला एनसीसीतल्या घोड्याची आठवण झाली. बोटाला जे मिळत होतं ते इथे झडपेला मिळालं होतं.

या बंदुकीला मात्र हवामान लागतं, आणि आमच्याइतकं टोकाचं हवामान तिच्या कारखान्याच्या देशात नाही. कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रवरूपात असतो. डिसेंबरच्या पहाटे घोटच्या जंगलात बाटली हाताला बर्फासारखी लागते, आतला दाब उतरलेला असतो, आणि काटा चढायला वेळ लागतो. एकामागून एक दोन डार्ट मारले तर वायू पसरताना बाटली आणखी गार होते आणि दुसरा डार्ट पहिल्यापेक्षा हळू जातो. उन्हाळ्यात नेमकं उलटं. एकतीस अंशांच्या वर हा वायू द्रव म्हणून राहतच नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस अंश होतात. बंद जिपमध्ये ठेवलेल्या बाटलीचा दाब किती चढला असेल याचा अंदाज बसत नाही. म्हणून माझ्या बाटल्या उन्हाळ्यात ओल्या गोणपाटात आणि हिवाळ्यात स्वेटरच्या आत असतात, आणि दाब मी अगदी शेवटी, जनावर समोर आल्यावर भरतो. बंदुकीची जाहिरात वाचून हे कळत नाही.

वेगवेगळ्या जिल्ह्यांतली पथकं प्रशिक्षणाला एकत्र आली की आमचाही ठाण्याच्या पायरीसारखाच अड्डा जमतो. तुमच्याकडे कुठलं मॉडेल, दुर्बीण कितीची, लेझरचं अंतरमापक कुठल्या कंपनीचं. पहिला खर्च प्रत्येक जण दुर्बिणीवर करतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत वाया जातो. मोठ्या रायफलीसाठी केलेली दुर्बीण शंभर यार्डांवर बेतलेली असते. आम्ही मारतो वीस मीटरवर. तिथे चित्र धुरकट होतं, आणि डोळा जरा बाजूला सरकला की क्रॉस जनावराच्या अंगावर सरकतो. नऊ पटीत मोठी केलेली वाघाची मांडी म्हणजे नुसते पट्टे. कुठला पट्टा मांडीचा आणि कुठला पोटाचा हे कळायला चार सेकंद जातात आणि तेवढ्यात तो वळतो. त्यापेक्षा काहीच मोठं न करणारा लाल ठिपका बरा. दोन्ही डोळे उघडे राहतात, जनावराचे कान दिसतात, आणि कान काय सांगताहेत ते माझ्यासाठी दुर्बिणीपेक्षा मोलाचं आहे.

अंतरमापकाचं मात्र तसं नाही. ते घ्यायलाच हवं. डार्ट गोळीच्या मानाने फार सावकाश जातो, हवेत त्याची कमान डोळ्यांना दिसते. दहा मीटरचा अंदाज चुकला तर मांडीवर धरलेला नेम पोटात जातो, आणि पोटात सुई गेलेला वाघ पुढे कधीतरी मरू शकतो, तेव्हा कुणी आपल्याला विचारायलाही येत नाही. पण बांबूच्या रांजीत लेझरचा किरण पुढच्या पानावर आदळून परत येतो आणि सोळा मीटर सांगतो, वाघ असतो सव्वीसवर. म्हणून मी जागेवर आधी पोहोचलो की झाडं मोजून ठेवतो. तो येन बावीस, ते वारूळ अठरा, ती कुड्याची फांदी तीस. मग वाघ कुठल्या झाडापाशी उभा आहे एवढंच बघायचं.

खरी सुधारणा ज्या वस्तूत झाली तिच्याकडे कुणी बघत नाही, ती म्हणजे डार्ट. वरून पाहिलं तर पिसांचा किंवा लोकरीचा झुबका लावलेली जाड सिरिंज. आत दोन कप्पे. पुढच्यात डॉक्टर औषध भरतात, मागच्यात दाबाची हवा. सुईचं टोक बंद असतं, औषध बाजूच्या बारीक भोकातून बाहेर येतं, आणि त्या भोकावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत शिरली की ती नळी मागे सरकते, भोक उघडं पडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. दुसऱ्या प्रकारच्या, एकदाच वापरायच्या डार्टमध्ये हवेऐवजी छोटा स्फोट औषध ढकलतो. काम क्षणात होतं, पण आत बसणारा झटका मोठा. वाघासाठी मला हवेचाच डार्ट आवडतो. जाड कातडीच्या रानगव्याला किंवा हत्तीला वेगळी, लांब, मजबूत सुई लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात आला तेव्हापासून ती सुईसुद्धा पेटीत असावी असं मी म्हणत आलो.

ही सिलिकॉनची नळी एका बोटाच्या पेराहून लहान. ती जुनी होऊन सैल पडली तर डार्ट उडतानाच औषध गळतं. कडक झाली तर सरकत नाही आणि पूर्ण भरलेला डार्ट वाघाच्या अंगावरून तसाच खाली पडतो. लाखांची बंदूक या एका तुकड्यावर अवलंबून असते. मी दर वेळी नवी चढवतो, डार्ट कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो, आतल्या रबराला हलकं तेल लावतो, नळीला तडा दिसला तर फेकून देतो. सरावालाही रिकामा डार्ट मारत नाही, पाणी भरून मारतो, कारण रिकाम्याचं वजन वेगळं आणि कमानही वेगळी.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यात हे सगळं एकत्र आलं.

चामोर्शीहून घोटकडे जाताना लागणाऱ्या एका गावाची गोष्ट. गावाचं नाव नको. एप्रिल होता, मोह गळत होता. दोन हल्ल्यांनंतर वाघीण ओळखली गेली. कॅमेरा ट्रॅपमधल्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरून ओळख पटवावी लागते, नाहीतर दुसराच वाघ पकडला जातो आणि हल्ले चालूच राहतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश आला. बाहेरून पशुवैद्यक आले. त्यांच्यासोबत दुसरं एक पथक आणि त्याने नुकतीच घेतलेली लांब पल्ल्याची बंदूक होती, आमची जुनी वायूची माझ्याकडे.

गाव रागावलेलं होतं, आणि त्या रागाला मी नावं ठेवणार नाही. जिची आई गेली ती मुलगी आमच्या जिपजवळ येऊन म्हणाली, "साहेब, एवढी मोठी बंदूक आनली तुमी, तं गोळीच काहून नाही घालत?" मी तिला काही समजावलं नाही. डॉक्टरांनी तिला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि आज रात्री कुणी बाहेर झोपू नका एवढं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाघीण नाल्याच्या पलीकडे दिसली. लेझरवर अंतर बेचाळीस मीटर. नव्या बंदुकीच्या मालकांचं म्हणणं होतं की तिच्या पल्ल्यात हे सहज बसतं, आणि ते खोटं नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा." मी नको म्हणालो. बेचाळीस मीटर गाठायला जो वेग लागतो त्या वेगाने डार्ट लागला तर सुईबरोबर डार्टचं पुढचं तोंडही मांसात घुसायचं. वेग दुप्पट झाला तर डार्टची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतलं गणित आहे. शिवाय ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. बेशुद्ध वाघाच्या अंगाचं तापमान असंच चढतं. नाल्याच्या उघड्या काठावर ती पडली असती तर पाणी ओतायला पोहोचेपर्यंत उशीर झाला असता. डॉक्टरांनी बंदूक खाली घ्यायला सांगितली. मागे जमलेल्या लोकांतून आवाज उठला. पोलिसांनी त्यांना मागे नेलं.

रात्री आम्ही जागा बदलली. तिने मारलेल्या वासराजवळ, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, जीप झाडोऱ्यात लावली. पहाटे उजेड फुटायच्या बेताला ती आली. मोजून ठेवलेल्या बिजाच्या झाडाजवळ, एकोणीस मीटर. ती पाठ करून खाली वाकेपर्यंत मी थांबलो. काटा जिथे ठेवला त्याहून कमी दाबाने डार्ट तिथपर्यंत पोहोचलाच नसता. उजव्या मांडीच्या जाड भागात तो लागला आणि लागल्याबरोबर ती फक्त वळून मागे बघत राहिली, माशी चावल्यासारखी. गुरगुरली नाही, पळाली नाही. सावकाश चालत कुड्याच्या झुडपात गेली.

डार्ट लागल्यावर जनावर पळालं की औषध उशिरा चढतं, आणि पळताना ते विहिरीत पडू शकतं, गावात शिरू शकतं. घाबरलेल्या जनावराला जास्त औषध लागतं, आणि जास्त औषध म्हणजे जास्त धोका. ती पळाली नाही, म्हणून पहिल्याच डार्टमध्ये काम झालं. डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. तेराव्या मिनिटाला तिचं डोकं खाली गेलं. लांब काठीने कान हलवून पाहिला, मग डोळ्यांत मलम, डोळ्यांवर कापड, अंगावर पाणी, गुदद्वारात तापमापी. मी डार्ट काढला. सुईच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा रक्ताचा ठिपका होता आणि सभोवतालचे केस तसेच.

मी त्या ठिपक्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असेन, कारण दुसरं टोकही मी पाहिलेलं होतं. काही वर्षांपूर्वी दुसरीकडे एका बिबट्याला विहिरीजवळ पकडलं गेलं, तेव्हा मी मदतीला होतो. बिबट पन्नास किलोचाही नव्हता आणि डार्ट वाघाच्या दाबाने मारलेला होता. मांडी काळीनिळी, मुठीएवढी सुजलेली. तो वाचला, पण पिंजऱ्यात बरेच दिवस तीन पायांवर उभा असायचा. लंगडणारा बिबट शिकार करू शकत नाही, मग कुत्र्यांकडे, कोंबड्यांकडे, वस्तीकडे येतो. म्हणजे ज्या भीतीपोटी तो पकडला ती भीती आम्हीच वाढवून परत करतो. गोरेवाड्यासारख्या केंद्रात जागाही काही अमर्याद नाही. जे जनावर जंगलात परत सोडता येईल ते धडधाकट परत जायला हवं.

वाघिणीला जाग आणताना घाई करता येत नाही हेही लोकांना माहीत नसतं. जी दोन औषधं मिसळून देतात त्यांतल्या झायलाझिनला उलटं औषध आहे, केटामाइनला नाही. ते शरीरातून आपसूक उतरू द्यावं लागतं. ती पिंजऱ्यात पाय ओढत बसली आणि मग पुढच्या पायांवर उभी राहिली तेव्हा उन्हं वर आली होती. परवाची ती मुलगी लोकांत होती. ती जवळ आली नाही, मीही गेलो नाही. तिच्या आईच्या जागी ठेवता येईल असं माझ्या पेटीत काही नव्हतं.

त्या दिवसापासून त्या दुसऱ्या पथकाचे मित्र आणि मी फोनवर दाबांची देवाणघेवाण करतो. त्यांची नवी बंदूक वाईट नाही, हे मी आवर्जून सांगतो. उघड्या माळावर रानगवा असेल, गाडी जवळ नेता येत नसेल, तर तिचा पल्ला उपयोगी पडतो आणि मला तिचा हेवा वाटतो. पण आमच्या झुडपांच्या, बांबूच्या, नाल्यांच्या जंगलात पंचवीस मीटरच्या पुढे मोकळी रेघ सहसा सापडत नाही. तिथे पल्ल्यापेक्षा झडपेची बारीक खूण महत्त्वाची. त्यांनी आता त्यांच्या बंदुकीवर लाल ठिपका बसवला आहे, आणि मी त्यांच्याकडून डार्टमध्ये बसणाऱ्या बारीक रेडिओ ट्रान्समीटरबद्दल शिकलो. डार्ट लागलेलं जनावर दाट झाडोऱ्यात गेलं की तो खुणेचा आवाज देतो. अंधार पडत असताना शोधायचं असेल तर याच्यासारखा पैसा वसूल करणारी वस्तू नाही.

नवीन साहित्याची मागणी तयार करताना वरिष्ठांनी मला विचारलं, तेव्हा मी जे लिहून दिलं ते असं. बंदुकीचा जास्तीत जास्त पल्ला किती, हे जाहिरातीत सगळेच देतात. तुम्ही पुरवठादाराला हे विचारा की वाघाचा भरलेला डार्ट दहा मीटरवर नेमाने पोहोचेल असा कमीत कमी दाब किती. तो आकडा जो सांगू शकणार नाही त्याची बंदूक नको. प्रत्येक बंदुकीमागे सिलिकॉनच्या नळ्या पुरेशा असू द्या, सुया तीन लांबींच्या, आणि सरावाचे डार्ट वेगळे, ज्यांत औषध कधीच भरलं जाणार नाही. दाब मोजणारा काटा दर वर्षी तपासून घ्यावा. गावोगावच्या प्राथमिक प्रतिसाद दलातल्या पोरांना बंदूक देऊ नका, पण गर्दी कशी मागे न्यायची, पाण्याच्या कॅन कुठे ठेवायच्या आणि वासराजवळचा वारा कसा ओळखायचा हे त्यांना दर पावसाळ्यापूर्वी शिकवा.

दर महिन्याला, पाऊस नसेल तर, मी दलातल्या दोन नव्या वनरक्षकांना घेऊन डेपोमागच्या मोकळ्या जागेत सराव घेतो. भुश्याच्या पोत्यावर वाघाच्या मांडीएवढा गोल काढतो. त्यांना आधी पंधरा मीटरवर उभं करतो आणि दाब हळूहळू कमी करत जायला सांगतो, डार्ट पोत्यात रुतायचा थांबून नुसता टोचून खाली लोंबायला लागेपर्यंत. तो आकडा त्यांनी स्वतःच्या वहीत लिहायचा, बाजूला त्या दिवशीचं तापमान. मग वीस मीटर, मग पंचवीस. त्यापुढचं मी अजून कुणाला शिकवलेलं नाही.